वाचकांचे प्रश्न : राउटरवरचा दिवा नेमके काय सांगतो?

राउटर, स्विच आणि तत्सम उपकरणांवरील दिव्यांविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. दिवा ज्या गोष्टीला जोडलेला असतो तेवढीच गोष्ट तो सांगतो, आणि ही जोडणी पुष्कळदा आपल्याला बदलता येते. खालची बहुतेक उत्तरे याच मुद्द्यावर उभी आहेत.

प्रश्न : आमच्याकडे फायबरचे कनेक्शन असून कंपनीने बसवलेल्या ओएनटीच्या (फायबरमधील प्रकाशाचे नेटवर्कच्या संकेतांत रूपांतर करणाऱ्या डब्याच्या) पुढे मी स्वतःचा राउटर लावला आहे. त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली टाकली आहे. नेट गेले तरी राउटरवरचा इंटरनेटचा दिवा हिरवागार राहतो आणि घरातील मंडळी ‘लाइट तर चालू आहे, मग नेट का नाही?’ असे मलाच विचारतात. नेट खरोखर चालू असेल तेव्हाच हा दिवा पेटेल, अशी जुळणी करता येईल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : येईल; पण त्याआधी आपला दिवा सध्या कशाला जोडलेला आहे ते पाहू. राउटरपासून इंटरनेटपर्यंत तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. ओएनटी आणि राउटर यांच्यामधील वायरीवर संपर्क असावा लागतो. आपले युजरनेम आणि पासवर्ड स्वीकारून कंपनीच्या सर्व्हरने पीपीपीओई सत्र (लॉगिननंतर सुरू होणारी जोडणी) उघडलेले असावे लागते. आणि त्या सत्रातून माहिती प्रत्यक्ष बाहेर जाऊन परत यावी लागते. इंटरनेटचा दिवा बहुधा ‘वॅन’ या, बाहेरच्या जोडणीच्या पोर्टला जोडलेला असतो, म्हणजे तो यांपैकी फक्त पहिल्या गोष्टीची साक्ष देतो. रस्ता खणताना फायबर तुटली तरी ओएनटीची वीज चालू असते, तिच्यापासून राउटरपर्यंतची हातभर वायर शाबूत असते, आणि म्हणून दिवाही पेटलेलाच राहतो.

दिवा दुसऱ्या गोष्टीला जोडणे अगदी सोपे आहे. राउटरच्या लुसी या, ब्राउझरमधून उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर ‘सिस्टीम’ या मेनूखाली ‘एलईडी कॉन्फिगरेशन’ असते. तेथे नवी नोंद करून इंटरनेटचा दिवा निवडावा, ट्रिगर (दिवा कशाच्या तालावर चालेल ते ठरवणारा पर्याय) म्हणून ‘नेटवर्क डिव्हाइस अ‍ॅक्टिव्हिटी’ घ्यावा (कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, याचे नाव नेटडेव्ह), आणि डिव्हाइसच्या यादीतून ‘वॅन’ऐवजी ‘पीपीपीओई-वॅन’ निवडावे. हे काम नेट चालू असतानाच करावे, कारण सत्र तुटले की हा इंटरफेसच (प्रणालीला दिसणारे जोडणीचे टोक) नाहीसा होतो आणि मग यादीत त्याचे नाव शोधत बसावे लागते. याच नाहीसे होण्याचा आपल्याला उपयोग आहे: सत्र गेले की दिवा विझतो आणि नवे सत्र उघडले की त्याच नावाचा इंटरफेस पुन्हा तयार होऊन दिवा आपोआप पेटतो. त्याच ठिकाणी लिंक, ट्रान्समिट आणि रिसिव्ह असे तीन प्रकार निवडता येतात. तिन्ही निवडल्यास दिवा सत्र असेपर्यंत पेटलेला राहतो आणि माहितीची ये-जा होताना क्षणभर विझून लुकलुकतो. लिंक न निवडता बाकीचे दोनच ठेवल्यास तो एरवी विझलेला असतो आणि ये-जा झाली की चमकतो. घरातील मंडळींनी लांबून पाहून निष्कर्ष काढायचा असेल, तर पहिली पद्धत बरी. नवी नोंद करण्यापूर्वी त्याच दिव्याची जुनी नोंद काढून टाकायला मात्र विसरू नये, नाहीतर दोन नोंदी एकाच दिव्यावर हक्क सांगतात.

फायबर तुटल्यावर दिवा त्याच क्षणी विझणार नाही. पीपीपीओईमध्ये दोन्ही टोके ठरावीक अंतराने एकमेकांना हाक देत असतात आणि अशा काही हाकांना उत्तर आले नाही, की मगच सत्र मेल्याचे जाहीर होते. तेवढा वेळ जाऊ द्यावा.

तिसरी गोष्ट उरते. सत्र शाबूत आहे, पण कंपनीच्या पुढच्या जाळ्यातच बिघाड आहे, असेही घडते. त्यासाठी तयार ट्रिगर नसतो. एक छोटी स्क्रिप्ट लिहावी लागते. दिव्याचा ट्रिगर ‘काहीही नाही’ असा ठेवावा आणि दर दोन मिनिटांनी क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीतून) बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग करून, म्हणजे हाक देऊन, उत्तर आल्यास दिव्याच्या ‘ब्राइटनेस’ या फाइलमध्ये १ आणि न आल्यास ० लिहावे. पिंगसाठी १.१.१.१ किंवा ८.८.८.८ हे सार्वजनिक पत्ते चालतात. पण केवळ आकडी पत्त्यावर विसंबल्यास डीएनएस (नावावरून आकडी पत्ता शोधणारी सेवा) बंद पडल्याचे कळत नाही, आणि घरच्यांच्या दृष्टीने डीएनएस बंद म्हणजे नेट बंदच. म्हणून एक पिंग आकडी पत्त्याला आणि एक संकेतस्थळाच्या नावाला करावे आणि दोन्ही यशस्वी झाले तरच दिवा पेटवावा. ज्यांचे कनेक्शन पीपीपीओईचे नसून डीएचसीपीवर (पत्ता आपोआप देणाऱ्या पद्धतीवर) चालते, त्यांच्याकडे सत्र नावाचा टप्पाच नसल्यामुळे त्यांना ‘वॅन’वरून थेट या तिसऱ्या उपायाकडे यावे लागेल.

माझे मत विचाराल, तर पीपीपीओई असताना दुसरा उपाय पुरेसा आहे. फायबर तुटणे किंवा सत्र न जुळणे हे दोन्ही प्रकार त्यात सापडतात आणि स्क्रिप्ट सांभाळण्याची जबाबदारी अंगावर येत नाही. शिवाय ओएनटीवर नजर टाकायला शिकवले, तर घरच्यांचे निम्मे प्रश्न तेथेच सुटतात. ‘एलओएस’ हा लाल दिवा लागला म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाही, तेव्हा राउटर बंद-चालू करण्यात अर्थ नाही, थेट तक्रार नोंदवावी. ‘पॉन’ हा दिवा स्थिर असेल तर ओएनटीची कंपनीच्या बाजूला नोंदणी झालेली आहे, आणि तो सतत लुकलुकत असेल तर ती नोंदणी अजून अडकलेली आहे.

प्रश्न : माझ्या राउटरवर लॅनसाठी एकच दिवा आहे. मी तो नेटडेव्हने लॅनला जोडला. लॅपटॉपवरून इंटरनेट वापरताना तो लुकलुकतो. पण लॅपटॉपवरून नॅसवर (नेटवर्कवरच्या फाइल-साठ्यावर) मोठ्या फाइली टाकताना, म्हणजे जेव्हा सर्वांत जास्त वाहतूक असते तेव्हा, अगदी शांत राहतो. लॅपटॉप आणि नॅस दोन्ही वायरीने याच राउटरला जोडलेले आहेत. जुळणीत काही चुकले आहे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : जुळणी बरोबर आहे. नेटडेव्ह हा ट्रिगर वायरीकडे पाहतच नाही. कर्नल प्रत्येक इंटरफेससाठी किती पॅकेटे गेली आणि आली याचे आकडे ठेवते. नेटडेव्ह ठरावीक अंतराने ते आकडे वाचतो आणि मागच्या वेळेपेक्षा वाढलेले दिसले तर दिवा चमकवतो. घरगुती राउटरच्या आत मात्र लॅनची पोर्टे एका स्विच चिपला जोडलेली असतात. लॅपटॉपचे पॅकेट नॅसकडे जायचे असेल, तर ही चिप ते परस्पर या पोर्टातून त्या पोर्टात ढकलते. ते मुख्य प्रोसेसरपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे कर्नलचे आकडे वाढत नाहीत आणि दिवाही हलत नाही. इंटरनेटकडे जाणारे पॅकेट प्रोसेसरमधून जाते, म्हणून तेव्हा तो लुकलुकतो. ‘हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग’ सुरू केलेले असेल, तर इंटरनेटची वाहतूकही प्रोसेसरला वळसा घालून जाते आणि डाउनलोड जोरात चालू असतानाही दिवा निवांत दिसू शकतो. अशा वेळी केवळ दिव्यासाठी ऑफलोडिंग बंद करू नये. वेगाचा फायदा सोडून दिव्याची हौस भागवण्यात शहाणपण नाही.

यावर उपाय राउटरच्या वयावर अवलंबून आहे. जुन्या पद्धतीच्या, स्विचकॉन्फिग हे स्विच चिपच्या जुळणीचे साधन वापरणाऱ्या राउटरांमध्ये ‘स्विच-०’ नावाचा वेगळा ट्रिगर मिळतो आणि तो चिपलाच पोर्टांची स्थिती विचारतो; तो असल्यास नेटडेव्हऐवजी वापरावा. नव्या, डीएसए पद्धतीच्या राउटरांमध्ये प्रत्येक पोर्ट लॅन-१, लॅन-२ अशा स्वतंत्र नावाने दिसतो. २०२३ पासून लिनक्स कर्नलमध्ये अशी सोयही झाली आहे, की चिपला स्वतःचे दिवे चालवता येत असतील तर नेटडेव्ह हे काम तिच्यावरच सोपवतो. मात्र त्यासाठी त्या चिपच्या ड्रायव्हरमध्ये तशी तरतूद असावी लागते आणि दिवा चिपच्या पायालाच जोडलेला असावा लागतो. आपला एकुलता एक लॅनचा दिवा पुढच्या पट्टीवर आहे, त्या अर्थी तो बहुधा प्रोसेसरच्या जीपीआयओ (सर्वसाधारण कामाच्या) पायाला जोडलेला असणार आणि ही सोय त्याला मिळणार नाही. मागच्या जॅकवर बारीक दिवे असतील तर फाइल टाकताना तेथे पाहावे. ते चिपच चालवते, त्यामुळे त्यांना सगळे दिसते.

जाता जाता आणखी एक गोष्ट. जुन्या राउटरांमध्ये लॅन आणि वॅन दोन्ही ‘ईथ-०’ या एकाच इंटरफेसवर व्हीलॅनने (एकाच वायरीवरच्या आभासी विभागणीने) विभागलेले असत. तेथे दिवा ‘ईथ-०’ला जोडला तर कोणाचीही वाहतूक असली तरी तो लुकलुकणार. शिवाय ओपनडब्ल्यूआरटीच्या २१.०२ या आवृत्तीच्या सुमारास अनेक उपकरणांमध्ये इंटरफेसची आणि दिव्यांचीही नावे बदलली. आवृत्ती बदलल्यावर दिवा अचानक मुका झाला असेल, तर जुळणीत जुने नाव राहिले आहे का, हे आधी तपासावे.

प्रश्न : संगणकाच्या इथरनेट जॅकवर पूर्वी हिरवा दिवा लागत असे, फर्निचरचे काम झाल्यापासून नारिंगी लागतो. नेट चालते. काळजी करावी का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रंगांचा अर्थ इथरनेटच्या मानकात ठरवून दिलेला नाही, तो उत्पादक ठरवतो, म्हणून आपल्या उपकरणाची पुस्तिका पाहणे उत्तम. मात्र पुष्कळ ठिकाणी हिरवा म्हणजे १००० मेगाबिट आणि नारिंगी म्हणजे १०० मेगाबिट असा संकेत असतो, आणि आपण सांगता त्या परिस्थितीत तोच लागू असण्याची शक्यता मोठी आहे. गिगाबिटसाठी केबलमधील आठही तारा लागतात. १०० मेगाबिटचे काम १, २, ३ आणि ६ या चार तारांवर भागते. सुताराच्या खिळ्याने किंवा ताणाने उरलेल्यांपैकी एक तार तुटली, तर दोन्ही टोके मुकाट्याने खालच्या वेगावर उतरतात आणि कोणालाच पत्ता लागत नाही. नेटवर्क सेटिंगमध्ये लिंकचा वेग पाहावा. तो १०० दिसला, तर आधी दोन्ही टोकांचे आरजे-४५ कनेक्टर नव्याने क्रिम्प करून (दाबून बसवून) घ्यावेत आणि तरीही फरक पडला नाही, तर केबल बदलावी. प्लॅन १०० मेगाबिटच्या वरचा असेल, तर आपण पैसे पूर्ण वेगाचे भरत आहात आणि वापर त्याहून कमीचा होत आहे.

प्रश्न : रात्री दोन वाजता घरात सर्व झोपलेले असतानाही राउटरचे दिवे लुकलुकत असतात. कोणी आमचे वायफाय वापरत असेल का? आणि खिडकीतून हे लुकलुकणे टिपून कोणी आमची माहिती वाचू शकते, असे ऐकले ते खरे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिव्याकडे पाहून देता येत नाही. माणसे झोपली तरी फोन, टीव्ही आणि घड्याळे झोपत नाहीत: फोन फोटोंची प्रत क्लाउडवर पाठवतो, टीव्ही नवी आवृत्ती आली का ते विचारतो, उपकरणे आपला पत्ता नव्याने मागतात, आणि काहीच नसेल तरी एआरपीची ‘हा पत्ता कोणाचा?’ ही हाक सगळ्यांना ऐकवली जाते. यांतील एकेका पॅकेटानेही दिवा चमकतो. नेटडेव्हमध्ये चमकण्याचा कालावधी मुळात ५० मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे उघडझाप सेकंदाला साधारण दहाच्या वर जात नाही. एक पॅकेट गेले तरी एक चमक, आणि तेवढ्याच वेळात हजार गेली तरीही एकच. विजेच्या मीटरवरचा लाल दिवा मोजून आपण युनिटचा अंदाज बांधू शकतो. राउटरचा दिवा तसे माप देत नाही. शंका असेल, तर राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी पाहावी. तीत ओळखीचे नसलेले नाव आढळले, तर पासवर्ड बदलावा. त्यापूर्वी घरातील स्मार्ट बल्ब आणि प्लग यादीत कोणत्या नावाने दिसतात तेही पाहावे; अनोळखी वाटणारे नाव पुष्कळदा त्यांचेच निघते.

दुसऱ्या प्रश्नामागे खरे संशोधन आहे. जो लॉफ्री आणि डेव्हिड अम्फ्रेस यांनी २००२ साली दाखवून दिले, की काही मोडेमांवरचा माहितीचा दिवा थेट सिरियल वाहिनीलाच जोडलेला असल्यामुळे प्रत्येक बिटबरोबर उघडझाप करत असे, आणि तो प्रकाश लांबून टिपल्यास मूळ मजकूर परत मिळवता येई. डोळ्यांना ती उघडझाप अखंड मिणमिणण्यासारखी दिसे. पण प्रकाश टिपणाऱ्या साधनाला ती स्पष्ट दिसत होती. आजच्या राउटरवर ही भीती लागू नाही. वर सांगितल्याप्रमाणे ‘काहीतरी गेले’ यापलीकडे दिव्याला काही माहीतच नसते, तेव्हा तो फोडणार तरी काय? २०२२ मध्ये इस्राएलमधील बेन-गुरियन विद्यापीठातील मोर्डेकाय गुरी यांनी नेटवर्क कार्डाच्या दिव्यांतून मोर्ससारख्या खुणांनी माहिती बाहेर पाठवून दाखवली. पण त्यात आधी त्या संगणकावर घातक प्रोग्राम शिरलेला असावा लागतो आणि तोच दिवे मुद्दाम चालवतो. इंटरनेटपासून मुद्दाम तोडून ठेवलेल्या संगणकांसाठी तो गंभीर विषय आहे. घरगुती संगणकात असा प्रोग्राम शिरलाच, तर त्याला खिडकीची गरज नाही. तो सरळ आपल्या इंटरनेटवरूनच माहिती पाठवील.

प्रश्न : सोसायटीच्या सीसीटीव्हीच्या कपाटात चोवीस पोर्टांचा स्विच आहे आणि एकाही वायरीला चिठ्ठी नाही. कार्यालयातील संगणकाची वायर कोणत्या पोर्टात आहे, हे बाकीच्या वायरी न उपटता कसे शोधावे? — एक वाचक, नागपूर

उत्तर : संगणकावर बसून त्याचे इथरनेट सेटिंगमधून बंद करावे, दहा सेकंदांनी पुन्हा चालू करावे आणि असे काही वेळा करावे. दुसऱ्या माणसाने कपाटासमोर उभे राहून त्याच तालावर विझणारा आणि पेटणारा पोर्ट पाहावा. केवळ लुकलुकणारा दिवा शोधू नये, कारण कॅमेऱ्यांचे सर्वच दिवे अखंड लुकलुकत असतात. पूर्ण विझणारा शोधावा. उलट संगणकाच्या मागे चार जॅक असतील आणि त्यांपैकी ‘ईथ-२’ कोणता हे हवे असेल, तर लिनक्समध्ये ईथटूल या आज्ञेला ‘-पी’ हा पर्याय आहे. तो दिल्यावर, ड्रायव्हरची साथ असल्यास, नेमक्या त्याच जॅकचा दिवा ठरावीक लयीत लुकलुकू लागतो. सापडल्याबरोबर चिठ्ठी चिकटवावी.

प्रश्न : आमच्या होमस्टेच्या खोलीतील राउटरचे दिवे रात्री पाहुण्यांच्या डोळ्यांवर येतात. ते बंद करावेत का आणि कसे? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : खुशाल करावेत, दिवे विझल्याने वायफायवर काही परिणाम होत नाही. बाजारातील पुष्कळ राउटरांच्या सेटिंगमध्ये ‘एलईडी कंट्रोल’ किंवा ‘नाइट मोड’ अशी सोय असते आणि तीत वेळही ठरवता येते. मायक्रोटिक या कंपनीच्या काही उपकरणांत ‘सिस्टीम-लेड्स’ या विभागात सर्व दिवे ताबडतोब, एका मिनिटाने किंवा एका तासाने विझवण्याचा पर्याय आहे. ओपनडब्ल्यूआरटी असेल, तर रात्री क्रॉनमधून प्रत्येक दिव्याचा ट्रिगर काढून ब्राइटनेस शून्य करावा आणि सकाळी एलईडीची सेवा पुन्हा सुरू करावी. आपली नेहमीची जुळणी तशीच परत येते. यांपैकी काहीच नसेल, तर काळी इन्सुलेशन टेप लावावी. फक्त ती लावताना हवेच्या फटी झाकू नयेत आणि राउटर कपड्याखाली दडपू नये.

प्रश्न : शाळेच्या प्रयोगशाळेत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक फाइल सर्व्हर म्हणून वायफायवर चालतो. त्याला स्क्रीन नाही. त्याचा हिरवा दिवा नेटवर्कची हालचाल दाखवू शकेल का? — एक शिक्षक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दाखवू शकेल. हिरवा ‘अ‍ॅक्ट’ दिवा मुळात मेमरी कार्डावरील वाचन-लेखन दाखवतो. ‘सिस’ या फाइलप्रणालीत प्रत्येक दिव्याची स्वतंत्र फोल्डर असते आणि तिच्यातील ‘ट्रिगर’ ही फाइल वाचली, की उपलब्ध ट्रिगरांची यादी दिसते; चालू असलेला ट्रिगर चौकटी कंसात असतो. त्या फाइलमध्ये रूट (प्रशासकाच्या) अधिकाराने ‘नेटडेव्ह’ लिहावे. यादीत तो नसेल, तर आधी त्याचे मॉड्यूल चढवावे. ट्रिगर बदलताच त्याच फोल्डरमध्ये डिव्हाइसचे नाव, लिंक, टीएक्स आणि आरएक्स अशा नव्या फाइली उगवतात. पहिलीत ‘डब्ल्यूलॅन-०’ हे वायफायचे नाव आणि उरलेल्या तिन्हींत १ लिहिले, की काम झाले. ही सारी जुळणी यंत्र बंद होताच पुसली जाते, म्हणून यंत्र सुरू होताना आपोआप चालेल अशी सेवा लिहून ठेवावी.

मात्र हे करावे की नाही, याचा विचार आधी करावा. विद्यार्थी घाईने वीज बंद करत असतील, तर कार्डावर लेखन चालू आहे हे सांगणारी एकमेव खूण आपण काढून घेत आहात, आणि लेखनाच्या मध्येच वीज गेली तर कार्डावरील फाइली बिघडतात. यंत्र जिवंत आहे एवढेच कळायला हवे असेल, तर ‘हार्टबीट’ हा ट्रिगर आहे: दिवा दोन ठोके देऊन थांबतो आणि प्रोसेसरवरचा भार वाढला की ठोके जलद होतात. तोही कार्डाची खूण घालवतोच. ज्या मॉडेलांवर लाल दिवा कर्नलच्या हाती असतो, तेथे हिरवा तसाच ठेवून लाल दिव्याला नेटवर्कचे काम द्यावे, हे मला जास्त पसंत आहे. अनेक मॉडेलांत विद्युत दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेल्यावर हाच लाल दिवा विझून इशारा देतो, तेव्हा ही अदलाबदल करण्यापूर्वी अ‍ॅडॉप्टर चांगला असल्याची खात्री करून घ्यावी. यंत्र सुरूच होत नसेल तेव्हाच्या खुणांना या जुळणीने बाधा येत नाही. हिरवा दिवा सात वेळा लुकलुकून थांबत असेल, तर कार्डावर कर्नलची फाइल सापडलेली नाही, आणि त्या टप्प्यावर लिनक्स, पर्यायाने आपली जुळणीही, अजून सुरू झालेली नसते.